नागसेन रामटेके गिळत नाही

नागसेन रामटेकेला राग आला की तो भांडी घासतो. घासलेली असली तरी पुन्हा घासतो. सिंगापुरात सेंगकांगच्या आमच्या ब्लॉकमध्ये त्याचं घर बरोबर माझ्या डोक्यावर आहे, त्यामुळे वरती काय बिनसलंय ते कधीकधी त्याच्या बायकोच्याही आधी मला कळतं. गेल्या जुलैच्या शेवटच्या आठवड्यात सलग चार संध्याकाळी कुकरच्या बुडावर तारेची घासणी फिरत होती. चौथ्या संध्याकाळी माझी सून म्हणाली, "बाबा, तुम्हीच काहीतरी करून ठेवलं असणार." माझ्याविषयी घरात असं मत का आहे हा वेगळा विषय, पण या वेळी तिचं निम्मं बरोबर होतं.

आधी माणूस सांगतो. नागसेन भंडारा जिल्ह्यातला, पवनीकडचा. वय पन्नास, अंगाने किडकिडीत, कपाळ मोठं. वन-नॉर्थला खाद्यपदार्थांच्या एका प्रयोगशाळेत अठरा वर्षं नोकरी. काम काय, तर घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा, काय काय लागलं ते लिहायचं आणि थुंकायचं. सॉस, सूप, सरबत, बिअर, वाइन, समोर येईल ते. मी त्याला म्हणायचो, "अरे, आमच्या पुण्यात लोक हेच काम फुकट करतात." तो हसायचा नाही. विनोद त्याला नेहमी एक स्टेशन उशिरा कळतो.

आणि हाच माणूस दारूचा थेंब पोटात जाऊ देत नाही. पंचशिलातलं पाचवं शील, नशा आणणारं काही घेणार नाही, ते तो नुसतं म्हणत नाही, पाळतो. त्यामागचं कारण त्याने मला एकदाच सांगितलं. मामा मोहाच्या दारूने गेला, तिशी गाठायच्या आत. आईने नवव्या वर्षी याला बुद्धमूर्तीपुढे बसवलं आणि म्हणाली, "पोटात गेली तर मला तोंड दाखवू नको." एवढंच. नोकरी लागली तेव्हा तो मुद्दाम गावी गेला, आईला सगळं समजावून सांगितलं, बशीत थुंकूनसुद्धा दाखवलं. म्हातारी म्हणाली, "ठीक आहे, पण बशी तू धू."

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्या लोकांची बुद्धवंदना असते, इथेच सेंगकांगला भाड्याच्या खोलीत. तिथे मुलांकडून पंचशील म्हणवून घ्यायचं काम सात वर्षं नागसेनकडे होतं. पोरं सगळी इंग्रजी शाळेतली, त्यांना पाली आणि मराठी सारखीच परकी. हा एकेक शील म्हणायचा, मग सोपं करून सांगायचा, मग पोरांच्या शंका. "चिलीसॉस चोरला तर चालेल का अंकल?" असल्या. त्याच्या नावावर दोन पेटंटं आहेत, पण आरशासमोर उभा राहून तो शर्ट नीट करतो ते फक्त त्या रविवारी. मीही जातो. मी त्यांच्यातला नाही, पण त्याच्या बायकोच्या, रुपालीच्या हातची खीर चांगली असते.

आता प्रताप, आमच्या दोघांच्या ओळखीचा. हा पुण्याचा, तांजोंग पगारला एका बँकेत मोठ्या जागेवर, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात टाकणारा. गेल्या वर्षी ऑफिसच्या कामाला सिअ‍ॅटलला गेला, तिथून चार दिवस द्राक्षमळ्यांत हिंडला आणि परत आला तो वेगळाच माणूस. "वॉशिंग्टन म्हणजे ते व्हाइट हाउसवालं नव्हे हं," असं तो, कोणी चूक करायच्या आधीच, सुधारून सांगायचा. "राज्य! पश्चिम किनाऱ्याचं! सिअ‍ॅटलला धो धो पाऊस, आणि डोंगर ओलांडला की वाळवंट. नदीच्या पाण्यावर द्राक्षं काढतात. दिवसा ऊन, रात्री हुडहुडी. म्हणून तर आंबटपणा टिकतो." त्याची बायको नीता एकदा वैतागून म्हणाली, "काका, आमच्याकडे हल्ली वरणालासुद्धा आफ्टरटेस्ट असते."

या उत्साहामागचं खरं कारण मी चार ठिकाणी विचारून काढलं. तांजोंग पगारलाच वाइन मागवून विकणाऱ्या एक चिनी बाई आहेत, प्रतापच्या ओळखीच्या. त्यांना वॉशिंग्टनच्या एका वायनरीची वाइन सिंगापुरात आणायची होती. सहा वायनरींकडून नमुने आले. प्रतापला त्यातली एक हवी होती. तिथे तो दोन दिवस राहिला होता आणि मालकाने त्याला मिठी मारून भाऊ म्हटलं होतं. बाई शहाण्या. म्हणाल्या, एखाद्या जाणकाराकडून चाखून घ्या, मला लेखी क्रम द्या. जाणकार, आणि तोही फुकट, असा एकच होता.

नागसेनने चार अटी घातल्या. खोलीत उदबत्ती, अत्तर, फुलं काही नको. खायला फक्त कोरा भात. थुंकायला झाकणाचं भांडं. आणि फोटो एकही नाही.

"फोटो का नको?" प्रतापने विचारलं.

"मी मुलांना पंचशील देतो. फोटोत थुंकणं दिसत नाही, पेला दिसतो."

"अरे हो रे बाबा! शब्द दिला," म्हणत प्रतापचा हात खांद्यावर.

शनिवारी दुपारी आम्ही प्रतापच्या कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये जमलो. दार उघडलं तर आत मोगऱ्याच्या चार उदबत्त्या आणि टेबलावर गरमागरम कोथिंबीरवडी. नीताचा काय दोष? पाहुणे येणार म्हटल्यावर तिचे हात आपोआप चालतात. नागसेन दारातच थबकला.  चारही उदबत्त्या उपटल्या, नळाखाली धरल्या, खिडक्या सताड उघडल्या, वड्यांचं ताट उचलून पोहण्याच्या तलावाशी ठेवून आला. मग म्हणाला, "चाळीस मिनिटं थांबू." आम्ही चाळीस मिनिटं तलावाशी बसून वड्या खाल्ल्या. त्याने नाही. चारांतल्या दोन अटी आल्याआल्या मोडल्या होत्या, आणि फोटोच्या अटीचं काय होणार हे तेव्हाच ओळखायला हवं होतं.

सहा बाटल्या तपकिरी कागदी पिशव्यांत, वर नुसते आकडे. पिशव्या नीताने भरलेल्या, त्यामुळे कुठल्या आकड्याखाली कोण ते प्रतापलाही ठाऊक नव्हतं. नागसेनने पहिला पेला उचलला, हुंगला, घोट घेतला, गाल फुगवून घोळवला, भांड्याचं झाकण उघडून थुंकला आणि डोळे मिटून बसला. इतका वेळ बसला की नीताने मला कोपराने विचारलं, झोपले का?

"एक नंबर," तो म्हणाला, "रीसलिंग, पांढरं द्राक्ष. याकिमाच्या खोऱ्यातली असेल. लिंबाची साल, हिरवं सफरचंद. आणि मागून मोहाचं फूल. दारू नव्हे, फूल. पहाटे झाडाखाली पडतं ते."

दोन नंबरला म्हणाला, "लाकडात फार ठेवलीय. सुताराच्या दुकानात बसून पेरू खाल्ल्यासारखं." तीन नंबरची मर्लो, "पिकलेलं जांभूळ, जीभ लगेच सोडते, रोजच्या जेवणाला उत्तम." चार नंबर वाला वाला नावाच्या गावाकडची सिरा. त्या नावावर मी एक विनोद केला, तो वाया गेला. ती त्याला फार आवडली. "मिरी आहे, जांभूळ आहे, आणि खारवलेल्या मांसाचा वास आहे. तिन्ही एकमेकांना ढकलत नाहीत. ही पहिली." पाच नंबरची कॅबर्ने रेड माउंटनवरची असावी म्हणाला, "कच्च्या टेंभरासारखी हिरड्या आवळते. चांगली आहे, पण पाच वर्षांनी उघडा."

प्रताप प्रत्येक पेला रिकामा करत होता. चार नंबरला तर टेबलावर थाप मारली. "हीच माझी! मालकाच्या अंगणात बसून प्यालोय, मी नाही ओळखणार?"

सहाव्याला नागसेनने घोट घेतला, थुंकला आणि गप्प बसला. एक मिनिट झालं, दीड झालं.

"अरे, गिळल्याशिवाय कसं कळणार तुला?" प्रताप म्हणाला.

नागसेनने बोट वर केलं, थांब म्हणून. मग म्हणाला, "राख. चूल विझवताना पाणी ओततात ना, तेव्हा उठतो तो वास. पहिल्यांदा लागत नाही. लाळेत मिसळली की मागून वर येते. आगीच्या वर्षातली द्राक्षं असणार, तिकडे जंगलं पेटतात. धूर सालीत जाऊन बसतो, वाइन झाली तरी निघत नाही. ही मी क्रमातसुद्धा घेणार नाही."

"करेक्ट!" प्रताप ओरडला. "मला पहिल्याच घोटात कळलं होतं. फालतू वाइन! असले लोक धंद्यात येतातच कशाला!"

नीताने पिशवी काढली. बाटली मालकभाऊंची होती.

मी हसलो. खोटं कशाला बोलू, खिडकीतून तलावापर्यंत ऐकू जाईल इतका हसलो. नीताही हसली. प्रतापचे कान लाल झाले. नागसेन तेवढा हसत नव्हता. तो भांडं घेऊन सिंकशी गेला होता, स्वतः धुवायला.

रविवारी सकाळी कॉन्डोच्या मराठी ग्रुपवर फोटो आला. नागसेन, डोळे मिटलेले, ओठाला लाल पेला, गाल फुगलेले. खाली प्रतापचं वाक्य: "आमचे शीलवान मित्र अखेर शुद्धीवर आले! म्हणजे शुद्ध हरपून!" फोटो कधी काढला देव जाणे. आणि मी? मी तो आणखी तिघांना धाडला, वर माझी म्हणून एक ओळ जोडली: "साधूंची समाधी." वाटलं, गंमत. त्या तिघांतल्या कुणीतरी तो दादारावांना पाठवला.

दादाराव म्हणजे वंदनेचा सगळा कारभार बघणारे. अकोल्याचे, निवृत्त इंजिनिअर, बोलायला धारदार. सोमवारी त्यांनी नागसेनला फोन केला आणि एका वाक्यात संपवलं, "या रविवारी मुलांसमोर तू नको." का, कसं, खरं काय, काही नाही. सोमवारी संध्याकाळी वरती पहिला कुकर वाजला.

गुरुवारी मी वर गेलो. दार रुपालीने उघडलं.

"या काका. आणखी कुणाला पाठवायचा राहिलाय का? माझी आई आहे गावी, नंबर देऊ?"

मी मान खाली घातली. त्र्याहत्तराव्या वर्षी मान खाली घालायला मानही नीट वळत नाही, पण घातली. त्यांची मुलगी एकता सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती, पंधरा वर्षांची. ती आत ओरडली, "पापा, just tell them you spit, lah! Why so drama?"

घासणी थांबली. नागसेन हात पुसत बाहेर आला. एवढा रागावलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता. आवाज चढलेला नव्हता, पण गावाकडची बोली वर आली होती.

"काहून सांगू? मला विचारलं काहून नाही? सात वर्षं पोरांना शिकवतो, ऐकीव गोष्टीवर कुणाला दोष देऊ नका म्हणून. आणि मला एक प्रश्न नाही! एका फोटोवर?"

"प्रतापकडून लिहून घेऊ," मी म्हणालो. "त्याने समोर पाहिलंय. मीही पाहिलंय."

"तुमचं कोण ऐकेल, काका?" रुपाली म्हणाली, आणि खरंच होतं ते.

शुक्रवारी दुपारी मी आणि नागसेन तांजोंग पगारच्या हॉकर सेंटरला, तिथल्या खाऊगल्लीत, गेलो. प्रतापने टेबलावर टिशूचं पाकीट टाकून जागा धरली होती. समोर माशाचं सूप.

"यार, किती मनावर घेतोस!" तोंड भरलेलं असतानाच तो म्हणाला. "मजा होती ती. आमच्याकडे एकादशीला पण लोक घेतात."

"तुमची एकादशी तुम्ही बघा. तू शब्द दिला होतास फोटोचा."

"दिला होता. मान्य. काढतो खाली."

"काढून काय होतं? लिही. मी प्रत्येक घोट थुंकला, आणि तू शब्द मोडलास. तुमच्या ग्रुपवर लिही, आणि दादारावांना पाठव."

प्रतापने चमचा ठेवला, रुमालाने ओठ टिपले, आणि तो हात उचलून नागसेनच्या खांद्यावर ठेवला. "लिहितो. आज रात्रीच लिहितो, तुझी माफी मागून. फक्त एक कर. तुझा क्रम अजून बाईंना गेलेला नाही ना? सहा नंबरसमोर राखबिख काही लिहू नको. खाली ठेव हवं तर, पाचवी, सहावी. पण 'चालेल' म्हण. इतकी बारीक चव इथे कुणाला लागते? मी तुझं नाव साफ करतो, तू माझ्या मित्राचं कर."

मी नागसेनकडे पाहत होतो. खांद्यावरचा हात त्याने दोन बोटांनी उचलला, पानावरचा किडा उचलावा तसा, आणि टेबलावर ठेवून दिला.

"पाचवं शील मी मोडलं नाही," तो म्हणाला, "हे लोकांना पटावं म्हणून चौथं मोडू? चौथं ठाऊक आहे तुला? खोटं बोलणार नाही. लेकरं माझ्यासमोर बसून म्हणतात ते. तू मला खोटं बोलायला लावून साफ करणार?"

"अरे, खोटं कुठे? नुसतं एक वाक्य गाळायचं..."

"जंगल जळलंय, प्रताप! त्याची राख माणसांच्या तोंडात जाणार, आणि खाली माझी सही!" आता मात्र आवाज चढला होता. आजूबाजूची डोकी वळली. शेजारच्या टेबलावरच्या आजीबाईंनी नूडल्स अर्ध्यावर थांबवले. "माझी जीभ भाड्याने मिळते, आठ तासांची. विकत मिळत नाही. तुला नसेल लिहायचं तर नको लिहू!"

आणि तिथेच उभ्या उभ्या त्याने फोन काढला. घरी आधीच लिहून ठेवलेला क्रम वाइनवाल्या बाईंना पाठवला. सहा नंबर, राख, घेऊ नये. पाठवून झाल्यावर पडदा प्रतापसमोर धरला. प्रतापने सूप अर्धं टाकलं आणि काहीतरी पुटपुटत निघून गेला. टिशूचं पाकीट तिथेच राहिलं. आम्ही MRT ने, म्हणजे मेट्रोने, घरी निघालो. औट्रम पार्कला गाडी बदलताना मी म्हणालो, "मी येतो रविवारी. सांगतो सगळं. माझी ओळही सांगतो, साधूंची समाधी."

"या," तो म्हणाला. "पण माझ्यासाठी बोलू नका. तुमचं तुम्ही बोला."

रविवारी खोली भरलेली होती. फोटो सगळ्यांनी पाहिलेला, हे खुर्च्यांवरूनच कळत होतं. नागसेन, रुपाली आणि एकता बसले त्या रांगेत दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. दादाराव पुढे उभे राहिले, मुलांना बसवू लागले. तेव्हा मी उठलो आणि माझं बोललो. फोटो मी पुढे पाठवला, ओळ मी लिहिली, आणि त्या दुपारी मी तिथे होतो, या माणसाने एक घोट गिळला नाही. दादाराव म्हणाले, "बसा, तुमची सवय सगळ्यांना माहीत आहे." मी बसलो. 

मग त्यांनी नागसेनला विचारलं, पहिल्यांदाच, तेही सगळ्यांसमोर. "तोंडात घेतलीस की नाही?"

"घेतली," नागसेन उठून म्हणाला. शर्ट नीट केलेला होता. "अठरा वर्षं घेतो. नोकरी आहे ती माझी. उद्याही घेणार. आणि अठरा वर्षांत एक थेंब घशाखाली गेलेला नाही. पुरावा नाही माझ्याकडे. असता तरी दाखवला नसता."

"मुलांना हा फरक कसा कळायचा?"

"मला विचारलं असतं तर मी सांगितला असता! त्यांना, तुम्हाला, दोघांनाही!" रुपालीने त्याच्या हाताला हात लावला, तो त्याने झटकला. "दादाराव, तुम्ही मला काढलंत याचा राग नाही मला. न विचारता काढलंत. मला शुक्रवारी एक माणूस भेटला. म्हणाला, थोडं खोटं लिही, तुझं नाव साफ करतो. मी लिहिलं नाही, या खोलीसाठी. आणि या खोलीत माझ्या शेजारी बसायला कुणी नाही!"

 मग पुढच्या रांगेतली एक मुलगी, सहा-सात वर्षांची, वळून मोठ्याने म्हणाली, "अंकल, वाइन थुंकली तर टेस्ट राहते का तोंडात?"

"राहते," नागसेन तिला म्हणाला, एकदम वर्गातल्या आवाजात. "पण डोकं जागेवर राहतं. शील डोक्याचं आहे."

 त्या दिवशी पंचशील दादारावांनीच म्हणवून घेतलं, घाईघाईने, दुसऱ्या शिलानंतर एकदा अडखळले. नागसेन मागे उभा राहून सगळ्यांबरोबर म्हणत होता.

संपल्यावर दाराशी ते त्याच्याजवळ आले. "पुढच्या महिन्यापासून तू घे."

"नाही."

"आता काय राहिलं?"

"तुम्ही मला सगळ्यांसमोर काढलं. फोनवर काढलं असेल, पण कळलं सगळ्यांना. परत घ्यायचं तर वंदनेच्या ग्रुपवर लिहा. आत्ता."

दादारावांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. दोघांपैकी कुणाचा राग मोठा हे सांगणं अवघड होतं. मग म्हाताऱ्याने खिशातून चष्मा काढला, फोन काढला आणि एका बोटाने लिहायला लागला. लिहिता लिहिता पुटपुटत होता, "नागसेन रामटेके यांच्याबाबत झालेला गैरसमज..."

"गैरसमज नको," नागसेन म्हणाला. "चूक लिहा."

दादारावांचं बोट थांबलं. खोलीतली माणसं खीर घेऊन आमच्या बाजूने जात होती, कुणी थांबत नव्हतं. त्यांनी शब्द खोडला.

"कुणाची ते पण लिहू?"

"लिहा."

त्यांनी लिहिलं.